कंपनीत साथीची सूचना लावायची आहे: 'त्या' भागातल्या कामगारांना घरी बसवणं बरोबर आहे का?

धायरीची_केतकी (२८ जानेवारी २०२५)

नमस्कार मंडळी. पुण्याच्या नऱ्हे-धायरी पट्ट्यात आमचा लहान कारखाना आहे, प्रेस शॉप आणि वेल्डिंग. कायम आणि कंत्राटी मिळून साधारण १४० माणसं. एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही मीच बघते.

जीबीएसच्या (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) बातम्या तुम्ही वाचताच आहात. किरकटवाडी, नांदेड गाव, खडकवासला हे सगळं आमच्या शेजारचं. निम्म्याहून जास्त कामगार त्याच भागात खोल्या करून राहतात. काल वरून मला सूचना तयार करायला सांगितली. मजकूर असा: 'सदर भागात राहणाऱ्या कामगारांनी पुढील १५ दिवस कामावर येऊ नये, सदर कालावधी बिनपगारी धरला जाईल.' शिवाय गेटवर सॅनिटायझर आणि मास्कसक्ती.

माझ्या हातून ती सूचना टाइप होईना. नांदेडला राहणाऱ्या एका वेल्डरच्या शेजारच्या खोलीतला मुलगा दवाखान्यात आहे. परवापासून जेवायच्या सुट्टीत त्या वेल्डरच्या बाकावर कोणी बसत नाही. तो आता डबा घेऊन मशीनमागे बसतो. हे बघवत नाही.

दोन प्रश्न. असं घरी बसवणं आरोग्याच्या दृष्टीने योग्य आहे का? आणि नसेल तर सूचनेत नेमकं काय लिहू? गुरुवारी मीटिंग आहे.

नाडीपरीक्षा

केतकीताई, मी डॉक्टर आहे, थेट उत्तर देतो. जीबीएस एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. शेजारी बसून नाही, एका ताटात जेवून नाही, खोकल्यातून नाही. एखादा जंतुसंसर्ग होऊन गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते, तो हा आजार. संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या आणि अशक्तपणा सुरू होतो आणि तो वर चढत जातो.

त्याच्या आधीचा जो संसर्ग असतो, तो मात्र पसरतो. पुण्यातल्या रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडलाय, काहींत नोरोव्हायरसही. दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात. कॅम्पायलोबॅक्टर माणसाकडून माणसाला क्वचित जातो, नोरोव्हायरस मात्र हातांवरून अगदी सहज जातो. ज्यांना हा संसर्ग होतो त्यातल्या फार थोड्यांना पुढे जीबीएस होतो, बाकीचे तीन-चार दिवसांच्या जुलाबांनंतर बरे होतात.

म्हणजे तुमच्या सूचनेचा विषय पत्ता नाही, जुलाब आहे. वेल्डर धडधाकट असेल तर त्याला घरी बसवून काहीही साधत नाही. जुलाब होत असलेला माणूस मात्र कोथरूडला राहत असला तरी घरी हवा, आणि जुलाब-उलट्या थांबल्यावरही आणखी ४८ तास. कँटीनमध्ये अन्नाला हात लावणाऱ्यांना हा नियम सगळ्यात कडक.

मास्कचा इथे उपयोग नाही. आणि सॅनिटायझरबद्दल: नोरोव्हायरसवर अल्कोहोल नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, दुसरं काही नाही.

खडकीचा_दादा

आमच्या गेटवर २०२० चं सॅनिटायझर मशीन अजून टांगलेलं आहे. हात खाली धरला की नुसता घुर्र आवाज येतो. नवीन पोरं त्याला नमस्कार करून आत जातात.

सदाफुली

आणि ती कपाळावर धरायची बंदूक! आमच्याकडे थंडीत सगळ्यांचं तापमान ३४ यायचं आणि वॉचमन शांतपणे 'ओके' लिहायचा. ३४ ला माणसाला आयसीयूत नेतात.

चाकणची_पाळी

डॉक्टरांनी सांगितलं ते पटलं, पण 'जुलाब असेल तर घरी राहा' हे वाचून आमच्याकडे कोणीही घरी राहणार नाही. का ते सांगतो.

हजेरी भत्ता. महिन्यात एकही खाडा नसेल तर ठरावीक रक्कम वर मिळते. एक खाडा पडला की निम्मी, दोन पडले की गेली. कंत्राटी पोराला तो भत्ता म्हणजे खोलीभाड्याचा मोठा वाटा. तो पोट धरून येईल, सुपरवायझरला 'ठीक आहे' म्हणेल आणि संडासात चार फेऱ्या मारेल. त्या संडासात साबण नसतो हे वेगळं सांगायला नको. मागे आमच्या लाइनवर एकाला जुलाब सुरू झाले, आठवड्यात निम्मी लाइन आडवी झाली. नंतर कळलं, पहिला पोरगा दोन दिवस लपवून काम करत होता. त्याला कोणी दोष दिला नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं की आपणही तेच केलं असतं.

ताई, सूचनेत 'साथ असेपर्यंत आजारपणाच्या खाड्याने हजेरी भत्ता कापला जाणार नाही' हे एक वाक्य घालता आलं तर बाकीची दहा वाक्यं नसली तरी चालतील.

रानजाई

+१. अगदी हेच लिहायला आले होते.

उद्योगी_माणूस

मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. माझं भोसरीत ३५ माणसांचं युनिट आहे. 'आजारी असाल तर पगारी रजा' असं लावलं तर सोमवारी निम्म्यांना जुलाब होतात, हा अनुभव आहे. वर ज्या कंपनीला माल जातो ती एक दिवस उशीर झाला तर लाइन थांबल्याचे पैसे माझ्याकडून वसूल करते. केतकीताईंच्या मालकांना खलनायक करू नका. १५ दिवस घरी बसवायचा विचार चुकीचा असेल, पण तो भीतीतून आलाय. उद्या तिथे कोणाला काही झालं तर 'कंपनीने काय काळजी घेतली' म्हणून पहिलं बोट त्यांच्याकडेच जाईल.

चाकणची_पाळी

@उद्योगी_माणूस, राग नाही. पण काका, तुमचाच हिशोब करू. सोमवारी दोन-तीन खोटे जुलाब निघाले तर दोन-तीन दिवसांची मजुरी गेली. एक खरा जुलाबवाला कामावर राहिला तर काय होतं ते वर सांगितलंच. डिस्पॅच कशात जास्त अडकतो?

उद्योगी_माणूस

मुद्दा मान्य. फक्त साथीपुरतं, ठरावीक मुदतीचं असेल तर मीही करू शकेन. कायमचं नाही.

कायदेशीर_काकू

बिनपगारीबद्दल थोडं. कामगार धडधाकट आहे, गेटवर आलाय आणि कंपनी म्हणते आत येऊ नको, तर तो त्याचा खाडा धरता येत नाही. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, वर्षभर सेवा झालेल्या माणसाला ले-ऑफ दिला, म्हणजे तात्पुरतं घरी बसवलं, तरी कायद्याप्रमाणे मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई द्यावी लागते. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर कायद्याने ती जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर येते. पिण्याच्या पाण्याची सोय कंत्राटदाराने केली नाही तर तीही मूळ मालकावर. मीटिंगमध्ये हे आवाज न चढवता सांगा, फाइलमध्ये टिपण ठेवा.

आता ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना. २१,००० पर्यंत पगार असलेले सगळे त्यात असणार. आजारपणात रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. अट अशी की एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, तरच आताच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. त्यामुळे दिवाळीनंतर लागलेली पोरं त्यात बसत नाहीत.

आणि खरी मेख इथे आहे. ईएसआयमध्ये पहिले दोन दिवस कोरडे जातात. तिसऱ्या दिवसापासून पैसे. म्हणजे तीन दिवस जुलाब झालेल्या माणसाने दवाखान्यात रांग लावून मेडिकल सर्टिफिकेट घेतलं तरी हातात एका दिवसाचे ७० टक्के. लांबच्या आजारात ईएसआयचा मोठा आधार आहे, जीबीएस झालेल्याला तर नक्कीच. पण साथ पसरते ती पहिल्या दोन दिवसांत, आणि नेमके तेच दोन दिवस कोणाच्याच हिशोबात नाहीत. ते कंपनीने उचलावेत. उद्योगीभाऊ, इतकं मर्यादित केलं तर तुम्हालाही जड जाणार नाही.

बर्लिनची_वेणू

इथली एक गोष्ट सांगते, तुलना करायची म्हणून नाही, उपयोगी आहे म्हणून. जर्मनीत आजारी माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार कंपनी देते, सहा आठवड्यांपर्यंत, पुढे आरोग्य विमा. पण मला जास्त आवडलं ते कँटीनचं. मी इथे सुरुवातीला एका कँटीनमध्ये काम केलं. कामाला लागण्याआधी आरोग्य कार्यालयात जाऊन शिकवणी घ्यावी लागते, त्याचा कागद मिळतो. त्यात मुख्य गोष्ट एकच: जुलाब, उलट्या, कावीळ किंवा हातावर पिकलेली जखम असेल तर अन्नाला हात लावायचा नाही आणि तसं मालकाला सांगायचं, हे तुमचं कायद्याने कर्तव्य आहे. दर दोन वर्षांनी मालकाने ते परत सांगायचं. त्यामुळे 'पोट बिघडलंय' हे सांगताना लाज वाटत नाही.

मिरजेचा_पंप

सगळे माणसांबद्दल बोलताय, पाण्याकडे कोणी वळेना. मी पाणीपुरवठ्यात आयुष्य काढलंय, जरा लांबण लागेल.

केतकीताई, आधी शोधा की तुमच्याकडे पाणी येतं कुठून. नळ, बोअर की टँकर? त्या पट्ट्यात बहुतेक तिन्ही एकाच संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) पडतात. मग नळाचं पाणी शुद्ध असून उपयोग नाही. संप शेवटचा कधी धुतला, झाकण बसतं का, ड्रेनेजची चेंबर किती लांब आहे, हे स्वतः जाऊन बघा. फोटो मागवू नका.

संप आणि वरची टाकी धुऊन घ्या. मग क्लोरीन. १४० माणसांचं पाणी उकळणं शक्य नाही, ते घरी ठीक आहे. घरी एकदा खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं की पुरे. कारखान्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नाहीतर क्लोरीनचं द्रावण. साधा ठोकताळा १००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी टीसीएल. पावडर बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचं पाणी टाकीत ओतायचं आणि निदान अर्धा तास पाणी वापरायचं नाही. उघड्या पोत्यातली जुनी पावडर घेऊ नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि तुम्ही नुसता चुना घालत बसता.

क्लोरीन घातला यावर विश्वास ठेवायचा नाही, मोजायचा. ओटी टेस्टचं (पाण्यातला क्लोरीन तपासायचं) किट स्वस्त असतं. टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाचं पाणी घ्या, थेंब टाका, पिवळं झालं पाहिजे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, साथीत ०.५ ठेवा. रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी, वहीत नोंद करून.

आणि आरओवर विसंबू नका. आरओ मशीन पाणी शुद्ध करतं आणि त्याबरोबर क्लोरीनही काढून टाकतं. मग ते पाणी स्टीलच्या टाकीत उभं राहतं, कोणीतरी त्यात ग्लास बुडवतं, आणि तिथे आता संरक्षण शून्य. तोटीचीच टाकी ठेवा, आतून धुवा, ग्लासची साखळी काढून टाका. प्रत्येकाने स्वतःची बाटली. बाहेरून येणारे वीस लिटरचे थंड जार हे सीलबंद प्रमाणित पाणी नसतं, ते कुठे भरतात ते एकदा जाऊन बघाच.

नाडीपरीक्षा

@मिरजेचा_पंप, याहून नेमकं मीही लिहू शकलो नसतो. या धाग्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पोस्ट.

अन्नपूर्णा_केटरिंग_नव्हे

मी दोन कंपन्यांना जेवण पुरवते. माझ्याकडून थोडं. साथीच्या दिवसांत आम्ही कोशिंबीर, चिरलेला कांदा-काकडी, पातळ ताक आणि चटणी बंद करतो. पाणी लागलेलं आणि न शिजलेलं काहीच नको. पनीर आदल्या दिवशीचं नको. चिकन करायचंच तर हाडाजवळ गुलाबी राहता कामा नये. कच्चं चिकन धुताना सिंकभर शिंतोडे उडतात आणि शेजारी कोथिंबीर ठेवलेली असते, सगळा घोटाळा तिथे होतो. सुरी आणि पाट वेगळे ठेवा.

कामगार कुरकुर करतात, कांद्याशिवाय जेवण म्हणजे काय! पण वाफाळती भाजी मिळाली की गप्प बसतात.

हिंजवडी_रिटर्न्स

आमच्या आयटीत एक ईमेल आला, 'काळजी घ्या, गरज वाटल्यास घरून काम करा'. झालं. पण हाउसकीपिंगच्या मावशी, पँट्रीतला मुलगा, ड्रायव्हर यांना तो ईमेल जात नाही, कारण त्यांना कंपनीचा ईमेल आयडीच नाही. आणि आमचे कप तेच धुतात. सूचना कोणापर्यंत पोचते हे पण बघा.

रानजाई

हो, आणि भाषा! तुमच्याकडे बिहार, ओडिशाची मुलं असतील तर हिंदीत लिहा, आणि पाळीच्या सुरुवातीला सुपरवायझरने वाचून दाखवा. 'अतिसार' कोणाला कळत नाही.

पुणेरी_पगडी

२००९ आठवतंय का कोणाला? ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि दुसऱ्या दिवसापासून शहर मास्कमागे गेलं. नायडू रुग्णालयासमोर रांगा. आमच्या ऑफिसात प्रत्येक टेबलावर कापूर-वेलचीची पुरचुंडी आणि निलगिरी शिंपडलेला रुमाल. आमच्या साहेबांच्या केबिनचा वास देवळासारखा यायचा.

इतिहासवेडा

साथ आणि कामगार हे नातं फार जुनं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गिरणी कामगार मोठ्या संख्येने गावाकडे पळाले, गिरण्या ओस पडल्या. त्या प्लेगमुळेच १८९७ चा साथरोग कायदा झाला, तोच २०२० मध्ये आपल्यावर लावला. पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोजिरांनी घरं तपासली, माणसांना ओढून नेलं, त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. आणि त्याच वर्षी, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. लोकांनी आजार लपवला तो आजाराच्या भीतीने कमी आणि पकडून नेतील या भीतीने जास्त. पत्त्यावरून माणसं घरी बसवली तर आजही तेच होईल, लोक पत्ता खोटा सांगतील.

सदाफुली

विषय लांब गेला म्हणणार होते, पण शेवटचं वाक्य बरोबर जागेवर आणून सोडलंत.

पुन्हा_उभा

मी सहसा फक्त वाचतो. मला काही वर्षांपूर्वी जीबीएस झाला होता, म्हणून लिहितोय.

आधी पोट बिघडलं, ते बरं झालं. मग एक दिवस जिना चढताना पाय उचलेना. मी थकवा समजलो आणि कामावर गेलो. दोन दिवसांत हाताने ग्लास धरता येईना. इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून द्यायचं औषध) दिलं, श्वासापर्यंत गेलं नाही हे नशीब. उभा राहायला महिने लागले. बहुतेक लोक बरे होतात हे खरं आहे, पण वेळ लागतो आणि त्या काळात 'हा आता कामाचा राहिला नाही' असं ठरवलं जाऊ नये.

माझ्या फोरमनने मला परत घेताना इन्स्पेक्शन टेबलावर बसायचं काम दिलं. उभं राहायचं नाही, वजन उचलायचं नाही, दुपारी फिजिओथेरपीला सोडायचं. त्या टेबलाने मला वाचवलं असं मी मानतो. केतकीताई, तुमच्याकडे कोणाला झालं तर असं एखादं टेबल शोधून ठेवा. आणि सूचनेत हे नक्की लिहा: जुलाबानंतरच्या आठवड्यांत पायांना मुंग्या, जिना चढताना किंवा उठताना त्रास, गिळताना त्रास, तर घरी झोपायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं.

त्या वेल्डरच्या बाकावर उद्या तुम्ही जाऊन बसा. माझ्यासाठी एवढं करा.

नाडीपरीक्षा

@पुन्हा_उभा, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. लक्षणं अगदी बरोबर सांगितलीत. उपचार लवकर सुरू झाले तर फरक पडतो. महापालिका हद्दीतल्या रुग्णांसाठी कमला नेहरू रुग्णालयात मोफत सोय जाहीर झाली आहे, ग्रामीण भागातल्यांसाठी ससूनमध्ये. इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च ऐकून लोक दवाखान्यात जायचं टाळतात, म्हणून ही माहितीही सूचनेत असू द्या.

डासमारे

एक जाता जाता. ही सूचना पुढच्या साथीला जशीच्या तशी चिकटवू नका. जुलैत डेंगी येईल तेव्हा साबण आणि उकळलेलं पाणी यांचा संबंध नसतो. एडिस डास दिवसा चावतो, म्हणजे ऐन ड्यूटीच्या वेळेत, आणि तो कंपनीतल्याच स्क्रॅप यार्डात, टायरात, कूलरच्या ट्रेमध्ये वाढतो. तेव्हा आठवड्यातून एक दिवस सगळी साचलेली भांडी पालथी घालणं ही सूचना.

धायरीची_केतकी (३१ जानेवारी २०२५)

मीटिंग झाली. १५ दिवसांची सूचना रद्द. डॉक्टरांचं पोस्ट मी वाचून दाखवलं, काकूंचं टिपण फाइलला लावलं. साहेबांना सगळ्यात जास्त पटलं ते चाकणच्या दादांचं निम्म्या लाइनचं गणित.

हजेरी भत्ता ३१ मार्चपर्यंत जुलाब-उलट्यांच्या खाड्याने कापायचा नाही असं ठरलं, कायम आणि कंत्राटी दोघांनाही. पहिल्या दोन दिवसांच्या मजुरीवर मात्र अडलं. कायम कामगारांना मिळेल. कंत्राटींचं 'कंत्राटदाराशी बोलून बघू' असं आहे. मी ते सोडणार नाही.

संप उघडून बघितला. झाकणाला तडा आहे आणि एका कोपऱ्यातून पावसाचं पाणी आत गेल्याच्या खुणा आहेत. उद्या धुणार. ओटी किट आलं, पहिल्या दिवशी कँटीनच्या नळाला पाणी अजिबात पिवळं झालं नाही.

बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी आणखी दोघं आले.

मजकूर असा केलाय, हिंदीतही लावणार:

'जुलाब किंवा उलट्या होत असतील तर कामावर येऊ नका, फोन करा. थांबल्यावर दोन दिवसांनी या. हजेरी भत्ता कापला जाणार नाही. कँटीनमध्ये काम करणाऱ्यांना हा नियम सक्तीचा आहे. संडासातून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा, साबण संपला तर अ‍ॅडमिनला सांगा. पाणी फक्त तोटीच्या टाकीतून स्वतःच्या बाटलीत घ्या. पायांना मुंग्या, चालताना, उठताना किंवा गिळताना त्रास झाला तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, सुपरवायझर गाडीची सोय करेल. हा पायांचा आजार शेजारी बसल्याने होत नाही. कोणालाही वेगळं बसवू नका.'

काही राहिलंय का?

कायदेशीर_काकू

छान झालंय. 'फोन करा' च्या पुढे कोणाला ते लिहा, नंबरासकट. आणि कंत्राटदाराशी बोलणं तोंडी नको, पत्र द्या.

चाकणची_पाळी

रात्रपाळी राहिली, ताई. रात्री तुमचं कँटीन बंद असणार. पोरं गेटबाहेरच्या टपरीवर वडापाव खातात आणि तिथल्याच पिंपातलं पाणी पितात. टपरीवाल्यालाही क्लोरीनच्या गोळ्या द्या, आणि गाडीची सोय रात्री कोण करणार त्याचं नाव लिहा.

धायरीची_केतकी

घेतलं. रात्रीचा चहा आणि गरम नाश्ता आतच द्यायचा प्रस्ताव आजच टाकते. टपरीवाल्या काकांशी संध्याकाळी बोलते. गाडीसाठी सिक्युरिटी सुपरवायझरचं नाव आणि नंबर घालतेय.